पाळकसाहेबांचा अंत्यविधी आणि त्यांचा मान: सारखे सारखे येणारे प्रश्न

वर्षानुवर्षं एकाच मंडळीत (म्हणजे एका चर्चच्या लोकांत) सेवा केलेले पाळक, म्हणजे पास्टर, गेले की पहिल्या दोन तासात जो गोंधळ उडतो तो ज्यांनी बघितलाय त्यांनाच माहीत. फोन वाजत असतात, कमिटीवाले एकमेकांना विचारत असतात, आणि घरच्यांना कोणी रडू पण देत नाही. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केलेत. मी स्वतः अशा बऱ्याच विधींच्या तयारीत राबलोय, त्यामुळे काही ठिकाणी माझं मत पण आहे, पटलं नाही तर सोडून द्या. आणि तुमच्या चर्चचे नियम वेगळे असतील तर ते आधी, माझं नंतर.

१. पाळकांचा अंत्यविधी इतर विश्वासणाऱ्यांपेक्षा वेगळा असतो का?

खरं सांगायचं तर फार नाही. तीच वाचनं, त्याच प्रार्थना, तीच माती. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये विधी तोच असतो, फरक पडतो तो माणसांमुळे, म्हणजे बिशप किंवा सुप्रिंटेंडंट (पाळकांचे वरिष्ठ) येतात, ओळखीचे पाळक झगे घालून पेटीपुढे चालतात, खांदाही बऱ्याचदा तेच देतात. कॅथलिक चर्चमध्ये एक बारकावा आहे जो मला फार आवडतो: साध्या माणसाची पेटी वेदीकडे पाय करून ठेवतात आणि धर्मगुरूची उलटी, लोकांकडे पाय करून. जिवंतपणी उपासनेत ज्याचं तोंड जिकडे असायचं तिकडेच शेवटी पण. ऑर्थोडॉक्स लोकांत मात्र धर्मगुरूसाठी खरोखरच वेगळा आणि बराच लांब विधी आहे. मुक्ती फौजेत (साल्व्हेशन आर्मी) तर माणूस "वारला" म्हणतच नाहीत, गौरवात बढती मिळाली असं म्हणतात.

२. विधी कोण चालवणार? आत्ताचे पाळक, बिशप, की घरचे म्हणतील ते?

ज्या चर्चमध्ये विधी आहे तिथले आत्ताचे पाळक. बिशप हजर असतील तर साधारणपणे मुख्य भाग ते घेतात. घरच्यांना एखादे जुने मित्र पाळक हवे असतात, त्यात काही चूक नाही, पण निमंत्रण आत्ताच्या पाळकांमार्फत जाऊ दे. घरच्यांनी एकाला फोन केला, कमिटीने दुसऱ्याला, आणि दोघंही उपदेश तयार करून आले, असं मी डोळ्यांनी बघितलंय आणि दोघांनीही तो केला. एकच माणूस ठरवा जो सगळे फोन करेल, बाकीच्यांनी खुर्च्या बघा.

३. बातमी ग्रुपवर कधी टाकायची?

घरातल्या सगळ्यांना कळल्यावर, त्याच्या आधी एक मिनिट पण नाही. एका ठिकाणी परगावी असलेल्या मुलीला वडील गेल्याचं कोणाच्या तरी स्टेटसवरून कळलं, ती अजून त्या माणसाशी बोलत नाही आणि मी तिला दोष देणार नाही. मेसेजमध्ये पूर्ण नाव, वय, कधी गेले, विधीची जागा आणि वेळ, आणि चौकशीसाठी एक नंबर, तो घरच्यांचा नको. आजारपणाची हकीकत, हॉस्पिटलमधले फोटो अजिबात टाकू नका.

४. उपदेश आणि श्रद्धांजलीचं भाषण यात फरक काय? दोन्ही एकच करून टाकलं तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल पण दोन्हीचा चुथडा होईल. उपदेश पुनरुत्थानाबद्दल असतो, श्रद्धांजली माणसाबद्दल. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर १८ फेब्रुवारी १५४६ ला गेले तेव्हा चारच दिवसांनी विटेनबर्गच्या चर्चमध्ये विधी झाला, त्यात उपदेश केला तिथले पाळक बुगेनहागेन यांनी, आणि माणूस म्हणून ल्यूथर कोण होते हे वेगळ्या भाषणात सांगितलं त्यांचे सहकारी मेलांख्थोननी. दोन माणसं, दोन कामं. मला अजूनही हीच पद्धत बेस्ट वाटते.

कॅथलिकांमध्ये तर हा नियमच आहे की अंत्यविधीच्या मिस्सामध्ये (म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेत) छोटं प्रवचन असावं पण त्याचं गुणगान होऊ नये. आठवणी सांगायला आदल्या संध्याकाळची जागरण प्रार्थना असते, किंवा मिस्साच्या शेवटी अंतिम निरोपाच्या आधी एखादा घरचा किंवा मित्र थोडं बोलू शकतो. आणि उपदेश करणाऱ्यांना एक विनंती, साहेबांचं नाव घ्या, बिनधास्त घ्या, काहीजण इतके घाबरतात की वीस मिनिटं बोलतात आणि समोर पेटीत कोण आहे त्याचा पत्ताच लागत नाही.

बंगालमध्ये काम केलेले मिशनरी विल्यम कॅरी १८३४ मध्ये शेवटच्या आजारात होते तेव्हा भेटायला आलेला तरुण मिशनरी त्यांच्याच कामाबद्दल बोलत राहिला, तर म्हणे त्यांनी त्याला परत बोलावून सांगितलं की मी गेल्यावर डॉक्टर कॅरींबद्दल नको, डॉक्टर कॅरींच्या तारणाऱ्याबद्दल बोला. गोष्ट सुंदर आहे, पण लोक ती वापरून श्रद्धांजलीच कापतात, आणि हे विसरतात की कॅरींबद्दल आपण अजून बोलतोच आहोत.

५. बोलणाऱ्यांची लिस्ट वीसवर गेलीये, कोणाला नाही म्हणू?

सोळा जणांना. चार ठेवा: घरातला एक, मंडळीतला एक, बरोबरीचे पाळक एक, आणि बाहेरचा एक ज्याचा चर्चशी संबंध नव्हता पण साहेबांशी होता. प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे कागदावर साधारण ३०० ते ३५० शब्द, आणि कागदावर लिहूनच आणायचं, "मनातून बोलतो" म्हणणारा माणूस बारा मिनिटं घेतो हा माझा अनुभव. बाकीच्यांना वही ठेवा दारात, त्यात लिहू दे, ती वही नंतर घरच्यांना द्या. पुढारी आले तर त्यांचं नाव घेऊन आभार माना आणि माईक मात्र तुमच्याकडेच ठेवा.

६. मला बोलायला सांगितलंय. थोर, नम्र, प्रार्थनाशील याच्यापुढे काही सुचत नाहीये.

ते तीन शब्द तर खोडूनच टाका, ते प्रत्येक पाळकाबद्दल बोलले जातात. बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय काढा. यापोमध्ये दुर्कस वारली तेव्हा विधवा काय करत होत्या? पेत्र आल्यावर त्यांनी ती किती दयाळू होती असं भाषण केलं नाही, तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे रडत रडत दाखवले. बस, एवढंच करायचंय. तुमच्याकडे त्यांचा कुठला अंगरखा आहे तो दाखवा.

म्हणजे कसं, तर ते आजाऱ्याला भेटायला जायचे तेव्हा खुर्ची ओढून पलंगाच्या उंचीला बसायचे का? बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ रडलं तर काय करायचे? बायबलच्या समासात पेन्सिलीने काय लिहायचे? प्रार्थना करताना मध्येच थांबायचे का, आणि सगळ्यांना वाटायचं विसरले? उपदेश लांबला की घड्याळाकडे बघून स्वतःच हसायचे का? अशी एक गोष्ट सापडली की तिच्याभोवती तीन मिनिटं सहज भरतात. नाही सापडली तर त्यांच्याबरोबर काम केलेल्या चर्चच्या शिपायाला विचारा, सेक्रेटरीला नको. शिपायाने त्यांना रिकाम्या चर्चमध्ये बघितलेलं असतं.

हसू आलं तर येऊ द्या. लोक हसले की मग मोकळेपणाने रडतात पण. फक्त जो विनोद ते समोर असताना केला नसता तो आता करू नका.

आणि स्वतःबद्दल कमी बोला. "मी आणि साहेब", "साहेब मला म्हणाले", "माझ्याशिवाय साहेबांचं पान हलायचं नाही" असं चार वेळा आलं की ती तुमची श्रद्धांजली होते.

७. त्यांनी आमचं मोडलेलं घर सावरलं होतं. ते सांगू का?

तुमचं असेल आणि तुमच्या नवऱ्याला किंवा बायकोला चालत असेल तर सांगा, त्याच्याइतकी मोठी साक्ष नाही. पण फक्त तुमचं. दुसऱ्याचं नाही, नाव न घेता पण नाही. मंडळी छोटी असते हो, "एक दारूडा भाऊ होता ज्याला साहेबांनी..." इतकं म्हटलं की अर्ध्या बाकांच्या माना एकाच दिशेला वळतात. तो भाऊ तिथेच बसलेला असतो, वीस वर्षं दारू न प्यायलेला.

पाळकांनी आयुष्यभर लोकांची गुपितं पोटात ठेवलेली असतात. त्यांच्या पेटीसमोर ती उघडणं हा त्यांचा अपमान आहे, मग हेतू कितीही चांगला असो. हेच त्यांच्या डायऱ्या, समुपदेशनाच्या नोट्स, लोकांनी लिहिलेली पत्रं यांचं. कपाट आवरताना सापडली तर वाचत बसू नका. चर्चची रजिस्टरं, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची, ती चर्चला परत करा. खासगी नोंदींचं काय करायचं ते घरचे आणि बिशप किंवा वरिष्ठ पाळक बसून ठरवतील, आणि जीवनवृत्तात त्यातली एक ओळ पण यायला नको.

८. जीवनवृत्त कोण लिहिणार आणि त्यात किती लिहायचं?

एका पानात बसवा. सगळ्यात जास्त चुका तारखांत होतात. दीक्षा (पाळक म्हणून अधिकृत नेमणुकीचा विधी) कधी झाली आणि सेवा कधी सुरू झाली या दोन वेगळ्या तारखा असतात, आधी सुवार्तिक (प्रचारक) किंवा शिक्षक म्हणून काम केलं असेल तर "४० वर्षं पाळकपण" म्हणताना ती वर्षं त्यात धरली का नाही ते ठरवा, नाहीतर कार्डावर ४०, भाषणात ४३ आणि कबरीच्या दगडावर ३८ येतात. रिटायर झाल्यावरची वर्षं वेगळी लिहा. किती बाप्तिस्मे दिले हा आकडा रजिस्टर मोजूनच द्या, "हजारो" लिहू नका. डॉक्टरेट नसेल तर डॉ. लावू नका, जिवंतपणी ते स्वतः खोडायचे.

ज्या ज्या मंडळीत ते होते त्या सगळ्यांची नावं घ्या. दोनच वर्षं राहिलेली खेड्यातली मंडळी गाळली जाते आणि नेमके तिथूनच लोक पहाटे निघून आलेले असतात. आणि पाळकीणबाईंचं नाव "त्यांच्या पत्नी" म्हणून शेवटच्या ओळीत ढकलू नका, संडे स्कूल कोण चालवत होतं ते सगळ्यांना माहीत असतं.

९. पेटी कशी असावी, तिच्यावर काय ठेवायचं, झगा घालायचा का?

अँग्लिकन, लूथरन, कॅथलिक परंपरेत झगा किंवा विधीची वस्त्रं घालून पुरायची पद्धत आहे. जिथे ते स्वतः साध्या सूटमध्येच उपदेश करायचे तिथे सूटच बरा, मेल्यावर अचानक त्यांना झगा चढवू नका. कॅथलिक विधीत पेटीवर पांढरं वस्त्र घालतात, ते बाप्तिस्म्याची आठवण म्हणून, आणि पेटीजवळ पुनरुत्थानाची मेणबत्ती पेटवतात. धर्मगुरूच्या पेटीवर शुभवर्तमानाचा ग्रंथ ठेवता येतो. मुक्ती फौजेत त्यांचा झेंडा, टोपी आणि बायबल.

लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांचा अंत्यविधी १८९२ मध्ये झाला तेव्हा पेटीवर त्यांचं बायबल उघडं ठेवलं होतं, यशया ४५:२२ वर, कारण त्याच वचनाने तरुणपणी त्यांचं मन पालटून ते विश्वासात आले होते. अशी एक गोष्ट ठेवा, जिच्यामागे काहीतरी आहे. दहा हार, शाल, ट्रॉफ्या, बिशपबरोबरचा फोटो, असं सगळं मांडलं की ते दुकान दिसतं. बायबल पेटीबरोबर पुरू नका, मुलांना द्या, नाहीतर समासातल्या त्या पेन्सिलीच्या नोंदी कायमच्या जातील.

महागडी पेटी घेतली म्हणजे जास्त मान दिला असं पण काही नाही. अमेरिकेचे प्रसिद्ध प्रचारक बिली ग्रॅहम २०१८ मध्ये वारले, त्यांना ज्या साध्या प्लायवूडच्या पेटीत पुरलं ती लुइझियानाच्या अँगोला तुरुंगातल्या कैद्यांनी बनवलेली होती.

१०. वाचनं आणि गीतं कुठली घ्यावीत?

त्यांनी लिहून ठेवलं असेल तर तेच. नसेल तर २ तीमथ्य ४:७, १ पेत्र ५:४, इब्री १३:७ ही पाळकांसाठी नेहमीची, आणि स्तोत्र २३ कोणाला नको असतं. माझी एक सूचना, बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा ३४ वा अध्याय बघा, मोशेचा मृत्यू. फारसं कोणी घेत नाही पण लांब सेवा केलेल्या माणसाला ते फार बसतं. गीतं अशी निवडा की सगळ्यांना पाठ आहेत, त्या दिवशी गीतपुस्तकातली अक्षरं कोणाला दिसत नाहीत.

११. साहेब सांगून गेले की साधं पुरा, काही करू नका. पण मंडळीला मोठं करायचंय.

त्यांचं ऐका. लेखी असेल तर वाद नको, तोंडी असेल तर ज्याने ऐकलं त्याला कमिटीसमोर सांगू द्या. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन १५६४ मध्ये जिनिव्हात वारले, त्यांच्याच इच्छेने कबरीवर दगड नाही, खूण नाही, त्यामुळे नेमकी जागा आज कोणाला माहीत नाही. पोप फ्रान्सिस २०२५ मध्ये गेले, कबरीवर फक्त "फ्रान्सिस्कस" एवढंच लिहिलेलं, त्यांनी तसंच सांगून ठेवलं होतं.

पण सगळ्यात भारी मला मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली वाटतात. १७९१ साली गेले. मृत्युपत्रात लिहिलं होतं की शवगाडी नको, घोडागाडी नको, डामडौल नको, सहा गरीब माणसांनी मला कबरीपर्यंत न्यावं आणि प्रत्येकाला २० शिलिंग द्यावेत. गर्दी होऊ नये म्हणून दफन पण भल्या पहाटे उरकलं. मंडळीला खर्च करायचाच असेल तर असा करा ना, साहेब ज्यांच्या घरी महिन्याला गुपचूप काहीतरी पोचवायचे ती घरं शोधा. त्यांचा पत्ता पाळकीणबाईंकडे असतो.

१२. घरच्यांसाठी त्या दिवशी काय करायचं?

त्यांना पहिल्या बाकावर बसू द्या, एवढंच. पाळकांच्या मुलांना आयुष्यभर चर्चच्या कामाला लावलेलं असतं आणि वडिलांच्या अंत्यविधीला पण लोक त्यांनाच विचारतात की साउंडची चावी कुठाय. दुसरं म्हणजे घराचा प्रश्न. पाळक सेवेत असतानाच गेले तर कुटुंब बऱ्याचदा चर्चच्या बंगल्यात राहत असतं, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी "पुढचे पाळक कधी येणार, घर कधी रिकामं होणार" असं बोलतं. कमिटीने आधीच, लेखी, मुदत सांगून टाकावी, आणि ती ऐसपैस असावी. पेन्शन, फंडाचे कागद भरायला एक जाणकार माणूस द्या. मी तर म्हणेन श्रद्धांजलीची चारही भाषणं एकीकडे आणि हे एकीकडे.

१३. दुसऱ्या धर्माचे बरेच लोक येणार आहेत, त्यांनी काय करायचं?

सगळे उभे राहिले की उभं राहायचं, प्रार्थनेत शांत राहिलं तरी पुरे. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं) असेल तर विधी चालवणाऱ्यांनी सुरुवातीलाच प्रेमाने सांगावं की कोणी पुढे यायचं, नाहीतर रांगेत उभ्या माणसाला परत पाठवायची वेळ येते. त्यांच्यातला एखादा बोलणार असेल तर प्रश्न ५ मधला चौथा माणूस तोच.

१४. रविवारी किंवा पवित्र आठवड्यात विधी ठेवता येतो का?

प्रोटेस्टंटांमध्ये सहसा बंदी नसते, सोयीचा प्रश्न असतो. कॅथलिकांमध्ये पवित्र गुरुवार, त्यापुढचे इस्टरपर्यंतचे दिवस, सक्तीचे मोठे सण, आणि आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), उपवासकाळ (इस्टरआधीचे) आणि पुनरुत्थानकाळ (इस्टरनंतरचे) यांतले रविवार या दिवशी अंत्यविधीचा मिस्सा होत नाही. दफन होऊ शकतं, वाचनं आणि प्रार्थना घेऊन, आणि मिस्सा नंतर ठेवतात.

१५. दहन केलं तर चालतं का?

बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत चालतं. कॅथलिक चर्चने १९६३ पासून परवानगी दिलीये, पण २०१६ च्या सूचनेनुसार अस्थी पवित्र जागी ठेवायच्या, उधळायच्या नाहीत. ऑर्थोडॉक्स साधारणपणे नाही म्हणतात. पाळकांच्या बाबतीत त्यांनी स्वतः लोकांना काय शिकवलं होतं ते पण बघा.

१६. त्यांच्या काळात मंडळी फुटली होती. अर्धे लोक रागावलेत. ते बोलायचं की झाकायचं?

भाषणात भांडणाचा हिशोब मांडू नका, पण "सर्वांचे लाडके" असंही म्हणू नका, अर्धं चर्च मनात हसेल. "त्यांच्या सेवेत अवघड वर्षं पण आली" हे एक वाक्य खरं आहे आणि पुरेसं आहे. फुटून गेलेल्या मंडळीच्या पाळकांना निमंत्रण द्या, एखादं वाचन द्या. आत्ताच्या पाळकांचंच त्यांच्याशी पटत नसेल तर उपदेश बाहेरच्या कोणाकडे द्यायला त्यांनी स्वतः पुढाकार घ्यावा, ते मोठेपणाचं दिसतं.

१७. आणि नुसतं भांडण नसून गंभीर आरोप असतील तर? म्हणजे कोणावर अत्याचार वगैरे?

मग प्रश्न १६ लागू होत नाही. देवाच्या हवाली करण्याचा विधी प्रत्येकाला मिळावा, पण गौरव हा वेगळा भाग आहे आणि तो थांबवता येतो. छोटा विधी, घरचे लोक, नेहमीच्या प्रार्थना. जाहीर श्रद्धांजली नको, फलक नको. ज्यांनी तक्रार केली ती माणसं त्याच मंडळीत बसलेली असू शकतात, आणि व्यासपीठावरून "संतपुरुष" ऐकताना त्यांच्यावर काय गुजरेल याचा विचार करा. माणूस गेला म्हणून चौकशी बंद पण करू नका.

१८. चर्चमध्ये फलक लावायचा, हॉलला नाव द्यायचं, कधी?

वर्षभर थांबा. मोशेसाठी इस्राएलने तीस दिवस शोक केला आणि मग ते दिवस संपले, पुढे त्याच्या जागी आलेल्या यहोशवाचं ऐकायचं होतं. नवीन पाळक येऊन महिना झाला नाही तोवर वेदीशेजारी जुन्या साहेबांचा चार फुटी फोटो लावला तर त्या बिचाऱ्याने उपदेश कोणाकडे बघून करायचा?

१९. मी साहेबांशी भांडून ती मंडळी सोडली होती. मी जावं का?

जा. मागे बसा, वहीत नाव लिहा, त्या दिवशी कोणाला काही समजावून सांगू नका. आणि महिन्याभराने पाळकीणबाईंना भेटायला जा, तोपर्यंत गर्दी ओसरलेली असते आणि दाराची बेल फारशी कोणी वाजवत नसतं.